घट्ट, पण आवळणारे नकोत

तन्वी गायधनी फोनवर म्हणाली,
"आहेर मावशी, कपडे अंगासरशी हवेत.
घट्ट, पण आवळणारे नकोत.
बटण नको, चेन नको, पाठीला हूक नको,
नाडीची गाठ पोटाखाली रुतेल अशी नको."
मी जुन्या वेबिलाच्या मागे लिहून घेतलं
आणि कपाट उघडून उभी राहिले.

वर साड्या. खाली
डांबरगोळ्यांच्या वासात घडी घातलेली खाकी.
पहाटेच्या पेठ गाडीला काय घालायचं
हे एकोणतीस वर्षं तिनंच ठरवलं.
मला निवडायची सवयच नाही.

आधी ह्यांची ट्रॅक पँट घातली.
पलंगावर आडवी होऊन पाय छताकडे केला
तर पायचा सरसरत मांडीवर.
मग लेकीचा गॅदरिंगचा टी-शर्ट,
पाठीवर अजून 'स्वयंसेवक' लिहिलेला.
पाय डोक्यामागे न्यायला गेले
आणि तो अख्खा तोंडावर आला.
आत अंधार, साबणाचा वास,
बाहेर दारात उभं राहून ह्यांचं हसणं.
"सैलच बरं की," हे म्हणाले, "आपल्या वयाला."

तन्वीला विचारलं, सैल चालेल का गं?
ती म्हणाली, "सैल कपड्यात मला तुमच्या बरगड्या दिसत नाहीत, मावशी.
पाठ कुठं अडतेय ते दिसलं नाही
तर दुरुस्त काय करू?"

बरगड्या.
त्या कुणी बघायला मागितल्याचं
मला काही आठवेना.

मेन रोडला दुकानातला पोरगा म्हणाला, "ताईंसाठी का?"
"माझ्यासाठी."
मग त्यानं काळ्यावर काळे काढले.
"यात बारीक दिसतं, मॅडम."
म्हटलं, बारीक दिसून काय करू, आहे तेवढं दिसू दे.
आणि खाकी सोडून काहीही दाखव.
सगळ्यात खालच्या गठ्ठ्यातून एक निघाली,
उन्हाळ कांद्याच्या सालासारखी गुलाबी.

पडद्यामागे मी उकिडवी बसले, उठले, वाकले.
ताणलेलं कापड बल्बसमोर धरलं,
पाचशेची नोट धरायचे तसं.
विरळ नव्हतं. घेतलं.

मोजे मात्र बघताक्षणी ओळखीचे वाटले.
तळव्याला रबराचे ठिपके,
गाडीच्या पायरीवर असतात तसे.
त्या पायरीवर सावळघाटात किती जणींना
दंडाला धरून वर घेतलंय मी.

गंगापूर रोड, दुसरा मजला, जानेवारी.
फरशी अशी की मोज्यातूनही चावते.
मंगळसूत्र पिशवीत ठेवलं, कारण लोळताना मणी पाठीत जातात.
क्लिप काढली, वेणी बाजूला घेतली.
ओढणी नाही.
दोन्ही हात सारखे छातीकडे जात होते
आणि तिथं धरायला काही नव्हतं.

तन्वी मागं उभी राहिली.
तिनं माझ्या डाव्या खांद्यावर
एक बोट ठेवलं, नुसतं.
"हा खाली आहे. दोन बोटं तरी."
म्हटलं, पेठ अकरा वर्षं, सुरगाणा सात, बाकी कळवण.
"काय?"
पिशवी, म्हटलं. चिल्लरची.
सकाळी रिकामी, रात्री भरलेली.
ती काही बोलली नाही, बोटही उचललं नाही.
समोरच्या आरशात
गुलाबी कापडावर तिरकी रेघ स्पष्ट दिसत होती.
खाकीत ती कधी कुणाला दिसली नव्हती,
मलाही.

"श्वास सोडा. आता खांदा कानापासून लांब."
मी सोडला.
खांदा आपल्या जागी गेला म्हणून सांगू?
नाही गेला. जरासा हलला.

एवढंच की या पँटीला खिसा नाही.
परतीच्या रिक्षाचे तीस रुपये
मोज्यात ठेवले होते, सगळी नाणी,
आणि प्रत्येक वेळी पाय वर केला
की ती घोट्याशी खुळखुळत होती.
शेजारच्या चटईवरची मुलगी मान वळवून बघायला लागली.

"पुढे सरका," मी सवयीनं म्हटलं.
ती खरंच सरकली.